हात मागे

मागच्या वर्षी एका भर दुपारी मी एका अनोळखी नवऱ्या मुलाला आशीर्वाद दिला. देताना मी लोखंडी खाटेवर आडवा होतो, गळ्यात जेवणाचं लाळेरं होतं आणि पॅंटवरून मोठ्या माणसांचं डायपर बांधलेलं होतं. चूक सर्वस्वी माझी.

झालं असं. अपंग माणसांच्या घरी राहून त्यांना मदत करणारे मामा आणि मावश्या तयार करणं हे माझं काम. त्या दिवशी अंधेरीतल्या एका सोसायटीच्या सभागृहात बारा जणांची तुकडी होती आणि धडा कुशीवर वळवण्याचा होता. ज्याला स्वतःहून हलता येत नाही त्याला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. खाटेवरचा माणूस अर्थातच मी. सहा जणांनी मला डावीकडे वळवलं, सहा जणांनी उजवीकडे. डायपर बांधून झालं, सोडून झालं, पुन्हा बांधून झालं. शेवटी मी डोळे मिटून म्हणालो, "माणूस झोपला असेल तर त्याला उठवायचं नाही. आवाज न करता निघायचं." आणि खरंच झोपलो.

तुकडी हुशार होती. आवाज न करता निघून गेली.

जाग आली तेव्हा छताला झेंडूच्या माळा होत्या आणि खुर्च्यांना लाल झालरी. तीनपासून सभागृह साखरपुड्याला दिलेलं होतं. उठलो असतो तर डायपरचा खुलासा दीडशे माणसांना करावा लागला असता, म्हणून पडून राहिलो. मुलीकडच्यांना वाटलं, हे मुलाकडचे अंथरुणाला खिळलेले काका. मुलाकडच्यांना वाटलं, मुलीकडचे. "एवढ्या आजारपणात आले हो," असं म्हणत एका बाईंनी मला जिलबी भरवली. न विचारता, डोकं उंच न करता, आडव्या माणसाला, पाकासकट. वर्गात असत्या तर मी त्यांना नापास केलं असतं. मग नवरा मुलगा पाया पडला. त्या वेळी पाय हाच माझा त्यातल्या त्यात सभ्य भाग होता.

त्याचा फोटो फोनाफोनी फिरत आमच्या बिल्डिंगमध्ये पोचला आणि तिथून माझ्या बायकोपर्यंत. नलिनी त्यावर काही बोलली नाही. ती साठवून ठेवते.

हे आधी सांगितलं, कारण पुढचं समजायला ते लागतं. मी पंधरा वर्षं प्रशिक्षक आहे, म्हणजे पंधरा वर्षं खाटेवर आहे. मला लोकांनी उचललंय, बसवलंय, भरवलंय, माझे होते तेवढे केस विंचरलेत. उरलेला वेळ देखरेखीचा: घाटकोपर, मुलुंड, बोरिवली असं घराघरांत जाऊन आमची माणसं नीट वागतायत ना ते बघायचं, वहीवर सही करायची, चहा प्यायचा. पण मदतनीस म्हणून एक अख्खा दिवस मी कुणाच्या घरी काढलेला नव्हता. ही गोष्ट कुणाच्या लक्षातही आली नव्हती, एक देवदत्त सोडून.

देवदत्त बोरिवलीला तिसऱ्या मजल्यावर राहतो. बाविसाव्या वर्षी गावच्या विहिरीत सूर मारला आणि मानेचा मणका गेला. आता चव्वेचाळीसचा आहे. मान शाबूत, खांदे शाबूत, हात हलतात पण बोटं मिटलेली ती मिटलेलीच. मुठीच्या कडेने बॅटरीवरची खुर्ची चालवतो, बोटाच्या पेराने फोन दाबतो, आणि वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांसाठी शब्दकोडी बनवतो. त्याला पेशंट म्हटलेलं चालत नाही. "मी आजारी नाही, सर. मी बसलेला आहे," असं तो म्हणतो.

प्रत्येक तुकडीच्या शेवटच्या दिवशी आम्ही त्याला परीक्षक म्हणून बोलावतो. तो समोर येऊन थांबतो आणि काहीच बोलत नाही. शिकाऊ माणसं धावतात. कुणी पाणी पुढे करतं, कुणी पाय सारखे करतं, कुणी कपाळाचा घाम पुसतं. सगळी नापास. जो हात मागे बांधून उभा राहतो आणि विचारतो, "काय करू?", तो पास. 'हात मागे' हा नियम त्याचाच. मी फक्त तो भिंतीवर लिहिला.

बाहेरच्यांना वाटतं, या धंद्यातली अडचण म्हणजे कामचुकार माणसं. तसं नाही. आळशी माणूस दोन दिवसांत कळतो. खरी डोकेदुखी म्हणजे मायाळू माणूस. घाटकोपरला एक तबला शिकवणारे गुरुजी होते, पूर्ण आंधळे, एकटे राहायचे. त्यांच्याकडे मी शांतामावशींना पाठवलं. मावशींना घराची दया आली. गुरुजी क्लासला बसलेले असताना त्यांनी अख्खं घर लावलं. टेबल खिडकीशी, कपाट दाराआड, मिठाचा डबा जिथे साखरेचा असायचा तिथे. घर इतकं सुंदर झालं की गुरुजींना त्यात स्वतःची खोली सापडेना. त्यांनी मला फोन केला: "सर, तुमच्या बाईंनी मला कुठे आणून ठेवलंय ते कृपा करून सांगता का?" मग मी जाऊन दिवसभर त्यांच्या हुकमाने फर्निचर ढकललं. ते मध्ये उभं राहून सांगायचे, "टेबल अजून चार बोटं इकडे. तिथे माझ्या कमरेला त्याचा कोपरा लागतो, त्यावरून मला कळतं की वळायचं." शांतामावशी रडत होत्या. "मी चांगलंच केलं ना हो, सर?" चांगलंच केलं होतं. तीच तर पंचाईत.

आता देवदत्तचं सांगतो.

त्याच्याकडे आमचे घाडीमामा आहेत, देवगडकडचे. पन्नाशीचे, काटक, आणि हात मागे ठेवण्यात पहिल्या नंबरचे. सकाळ-संध्याकाळचं ते बघायचे, बाकीचं देवदत्तची आई. गेल्या उन्हाळ्यात आई गेली. आई गेल्यावर मोठ्या भावाने, सुधाकरने, बदलापूरच्या पुढे अपंगांना ठेवून घेणारा एक निवास बघून ठेवला. सुधाकर मुलुंडला असतो. वाईट माणूस नाही, उलट फार चांगला, आणि तुम्हाला आता कळलं असेल की चांगल्या माणसांची मला धास्ती वाटते.

"तिकडे हवा चांगली आहे," तो म्हणाला.

"मग तू जा ना, दादा," देवदत्त म्हणाला. "मला इथली हवा पुरते."

बरीच घासाघीस झाली आणि शेवटी असं ठरलं: घाडीमामा गणपतीला सात दिवस गावी जाणार. त्या सात दिवसांत देवदत्तने आपलं आपण निभावलं, सुधाकरला धावून ये म्हणून एकदाही फोन गेला नाही, तर बदलापूरची जागा सोडायची. एक जरी फोन गेला, तरी सामान बांधायचं.

म्हणजे सगळं येऊन ठेपलं बदली माणसावर. आणि गणपतीत बदली माणूस मिळणं ही काय चीज आहे ते आमच्या धंद्यातल्यांनाच ठाऊक. आमचे निम्मे मामा कोकणातले. चतुर्थीच्या चार दिवस आधी संस्था रिकामी होते. उरलेले ज्यांच्या घरचे मामा गेले त्यांच्याकडे वाटून टाकलेले असतात. आमच्या घरी गणपती बसत नाही. माझे वडील वाशीमकडून आले, आमचा सण चौदा एप्रिलचा. त्यामुळे दरवर्षी त्या दिवसांत ऑफिसात मी एकटा बसून फोन घेतो आणि "बघतो, बघतो" म्हणतो.

दोन वर्षांपूर्वी असंच मी मुलुंडच्या एका बाईंच्या मुलाला "बघतो" म्हणालो होतो. माणूस मिळाला नाही. मग मीच म्हणालो, तात्पुरतं आईला निवासात ठेवा, सण झाला की परत आणू. सण झाला. त्यांची खोली तोवर नातवाच्या अभ्यासाला लागली होती. त्या अजून तिथेच आहेत. मी कधीतरी भेटायला जातो. त्या माझी विचारपूस करतात, त्यामुळे फार वेळ बसवत नाही.

म्हणून या वेळी मी घाडीमामांची रजा नाकारून बघितली.

"सर," मामा शांतपणे म्हणाले, "मी नाय गेलंय तर घरात मूर्ती कोण आणतलो?"

मग देवदत्तच बोलला. "सर, तुम्ही या ना. पंधरा वर्षं शिकवताय."

घाडीमामांनी माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं. "तुमका जमतला मां?"

"अहो, तुम्हाला कोणी शिकवलं?" मी म्हणालो.

"ता खरा," मामा म्हणाले, पण त्यांचा चेहरा तसं म्हणत नव्हता. जाताना त्यांनी देवदत्तला बाजूला घेऊन काहीतरी समजावलं. मला वाटतं, माझी काळजी कशी घ्यायची ते.

मी बॅग घेऊन देवदत्तच्या आईच्या खोलीत मुक्काम टाकला. पहिल्या सकाळी मी इतक्या वेळा "काय करू?" विचारलं की तो म्हणाला, "सर, विचारायचं म्हणजे मुलाखत नाही घ्यायची." मग मी गप्प बसलो, तर म्हणाला, "आता तुम्ही रुसल्यासारखे दिसताय."

त्याला खाटेवरून खुर्चीत घ्यायला एक उचलयंत्र आहे. चाकांवरचा छोटा लोखंडी खांब, त्याच्या आडव्या दांड्याला कापडी झोळी अडकवायची आणि रिमोटचं बटण दाबलं की माणूस झोळीसकट वर. घाडीमामा त्याला पाळणा म्हणतात. मी त्या पाळण्यात शेकडो वेळा बसलोय, पण झोळीचे पट्टे बाहेरून वेगळेच दिसतात हे मला नवीन होतं. मी एका बाजूचा पट्टा आखूड अडकवला. देवदत्त वर गेला तो तिरका.

"सर," तो हवेतून म्हणाला, "या कोनातून मला पंखा पहिल्यांदाच दिसतोय. वर बरीच धूळ आहे."

त्याला खाली घेतलं आणि पंखा पुसला.

तरी पाच दिवस निभावले. समोरच्या पेडणेकरकाकू रोज दार वाजवून विचारायच्या, "देवा, सगळं ठीक ना रे?" त्यांच्याकडे सुधाकरचा नंबर होता आणि जरा काही खुट्ट झालं की लावायची परवानगीही. सुधाकरकडे पाच दिवसांचा गणपती, त्यामुळे तो स्वतः फिरकला नाही. पाचव्या दिवशी मी नलिनीला फोनवर सांगितलं, "बघ, झकास चाललंय." ती म्हणाली, "दोन दिवस राहिलेत ना अजून?"

सहाव्या सकाळी मी देवदत्तला पाळण्यातून एकदम सरळ उचललं, खुर्चीत अलगद ठेवलं, ब्रेक लावले, पट्टा लावला. अडुसष्ट किलोचा माणूस, एक धक्का नाही. तो म्हणाला, "आता जमायला लागलं तुम्हाला." त्या भरात मी स्वयंपाकघरात गेलो, गॅसवर दूध ठेवलं, आणि माझ्या हातून चमचा पडला.

गुडघ्यातून वाका, कमरेतून वाकू नका. हे मी दर तुकडीला पहिल्या तासाला सांगतो. पण हे ओझं उचलताना, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. चमचा म्हणजे काय ओझं का? मी कमरेतून वाकलो. पाठीत कुणीतरी खिळा ठोकल्यासारखं झालं आणि मी चमच्याच्या शेजारी गेलो.

खुर्चीची घरघर जवळ आली. देवदत्त दारात थांबला. फरशीवरून तो मला बराच उंच दिसत होता.

"सर, काय झालं?"

"कंबर धरली."

त्याने खुर्ची अजून थोडी पुढे घेतली. मग म्हणाला, "काय करू?"

अगदी नियमाप्रमाणे. मला रडावं की हसावं कळेना, आणि दोन्हीने कंबर दुखत होती.

"सुधाकरला फोन करा," मी म्हणालो.

"केला तर उद्या मी बदलापूरला."

"मग पेडणेकरकाकूंना."

"त्या काय करतील? दादाला फोन."

"नलिनीला?"

"त्या घाटकोपरहून यायला दीड तास. आणि तेवढ्यात दूध उतू जाईल, सर. आत्ताच वर यायला लागलंय."

गॅसचं बटण माझ्यापासून दोन हात वर होतं. देवदत्तला ते दिसत होतं, पण त्याच्या मुठीने फिरणारं नव्हतं. माझे हात चांगले होते, पण मला ओट्याखालच्या झुरळाच्या पेटीपलीकडे काही दिसत नव्हतं. शेजारी लांब दांड्याचा झाडू होता. तो मी उचलला.

"डावीकडे," देवदत्त म्हणाला. "अजून. वर. ते लायटर आहे. खाली. हां, आता टेकलंय. दाबून फिरवा. उलट, सर. आता ज्योत मोठी झाली."

दूध उतू गेलं, मग गॅस बंद झाला. करपलेला वास जिन्यात गेला असणार, कारण लगेच दार वाजलं.

"देवा, सगळं ठीक ना रे?"

"हो, काकू," देवदत्त सहज आवाजात म्हणाला. "दूध गेलं जरासं. सर फरशी बघतायत."

यात एक शब्द खोटा नव्हता. काकू गेल्या.

"आता ऐका," तो मला म्हणाला. "इथे फरशीवर राहिलात तर थंडाव्याने अजून आखडाल. पाळणा बेडरूममध्ये आहे. मी काही तो इथवर ढकलू शकत नाही. तुम्हालाच तिकडे न्यावं लागेल. चालेल?"

"कसं नेणार?"

"ओढत."

पलंगावर एक गुळगुळीत चादर असते, माणसाला न घासता सरकवायची. ती त्याने मनगटाने ओढून मांडीवर आणली आणि माझ्या अंगावर टाकली. मग कुशीवर वळण्याचा धडा सुरू झाला. "गुडघे जवळ घ्या. श्वास सोडा. खांदा आणि कंबर एकदम, वेगवेगळी नाही. घाई नको." शब्द सगळे माझे होते. मी बाराशे वेळा म्हटलेले. मी डावीकडे वळलो, चादर खाली सारली, उजवीकडे वळलो, ओढून घेतली. चादरीची दोन टोकं त्याच्या खुर्चीच्या मागच्या खालच्या दांड्याला मीच बांधली, कारण गाठ मारणं हे माझ्या खात्यातलं काम होतं.

"तयार?"

"हळू," मी म्हणालो.

आणि मी निघालो. पाय पुढे नव्हे, डोकं पुढे, स्वयंपाकघरातून हॉलमध्ये, टीव्हीखालून, सोफ्याला वळसा घालून. आईच्या फोटोजवळून जाताना मी नमस्कार केला. एवढ्या जवळून जाऊन न करणं बरं दिसलं नसतं. घरात एकही उंबरठा नव्हता. त्याच्या आईने वीस वर्षांपूर्वी सगळे काढून टाकले होते. आपण कुणासाठी काढतोय हे आपल्याला माहीत आहे, असं तिला वाटलं असेल.

पाळण्याखाली आल्यावर मी झोळी अंगाखाली घेतली, पट्टे अडकवले. देवदत्तने सांगितलं, "आखूड आणि लांब बघून घ्या, सर. पंखा स्वच्छ आहे." त्याने रिमोट मांडीवर घेतला आणि पेराने बटण दाबलं. मी वर निघालो.

फरशीपासून दोन-अडीच फूट वर, गुडघे छातीशी, हात पोटावर, असा मी लोंबकळत असताना बाहेरच्या दारात किल्ली फिरली.

सुधाकर होता. फोन करून नव्हे, आपणहून आला होता. गणपती विसर्जन करून मोकळा झाला, तर प्रसादाचा डबा घेऊन आला. बेडरूमच्या दारात त्याने जे पाहिलं ते असं: ज्याला सांभाळायला माणूस लागतो तो भाऊ रिमोट घेऊन बसलाय, आणि सांभाळायला ठेवलेला माणूस छताकडे चाललाय.

"अरे," सुधाकर म्हणाला. मग एकदम धावला. "थांब, थांब, मी धरतो..."

"हात मागे."

आम्ही दोघं एकदमच म्हणालो. ठरवून नव्हे, सवयीने.

सुधाकर जागच्या जागी थांबला आणि डब्यासकट हात मागे नेले. शाळेत असताना असाच उभा राहत असेल.

त्यानंतर चार-पाच मिनिटं खोलीत फक्त मोटरचा आवाज होता. देवदत्तने खुर्चीच्या पाय ठेवायच्या पट्टीने पाळण्याचं बूड इंचाइंचाने ढकललं. ढकलायचं, मागे यायचं, कोन बघायचा, पुन्हा ढकलायचं. "सर, पाय सैल सोडा. मी खाली घेतोय." पाठीखाली गादी लागली. त्याने मला विचारलं, "उशी हवी? एक का दोन?"

पंधरा वर्षं उशी हवी का, असं मला प्रत्येक तुकडीने विचारलंय, गुण मिळावेत म्हणून. उत्तर ऐकायला थांबलेला हा पहिलाच.

"एक," मी म्हणालो. "गुडघ्याखाली."

तेव्हा कुठे सुधाकर बोलला. "देवा, मला फोन का नाही केलास?"

"केला असता तर जावं लागलं असतं."

"अरे, मी काय पैज लावून बसलो होतो का तुझ्याशी?"

"तू नव्हतास. मी होतो."

सुधाकर खाटेच्या कडेला माझ्या पायांशी बसला. डबा अजून हातात. "आई गेल्यापासून मला झोपच लागत नाही रे," तो म्हणाला. "फोन वाजला नाही तरी वाटतं वाजला. उठून बघतो. मग वाटतं, वाजला नाही म्हणजे तुला उचलता आला नसेल."

देवदत्तला हे माहीत नव्हतं. त्याचा चेहरा बघून कळलं. इतके दिवस त्याला वाटत होतं की भावाला त्याची अडचण होते.

"मी काय करू, सांग," सुधाकर म्हणाला.

"आता विचारलंस," देवदत्त म्हणाला. "ओट्यावर दूध गेलंय ते पूस. नवीन पिशवी फ्रिजमध्ये आहे. चहा टाक तीन कप. आणि रोज रात्री नऊला फोन करत जा. काही झालं म्हणून नाही. नुसताच."

सुधाकर आत गेला. भांड्यांचे आवाज आले, मग त्याचा फोनवरचा आवाज. बदलापूरच्या निवासाशी बोलत होता. "नाही, जागा नको आता. हो, दुसऱ्या कुणाला द्या. नाही हो, तब्येत उत्तम आहे त्याची." मग म्हणाला, "काय आहे, त्याच्या घरी सध्या एक पडून असलेला माणूस आहे. त्याला टाकून तो येऊ शकत नाही."

दोन दिवस मी देवदत्तच्या पलंगावर होतो आणि देवदत्त आईच्या. तेवढ्यापुरता सुधाकर राहिला. हात मागे ठेवणं त्याला जड जात होतं, पण दुसऱ्या दिवशी तो चक्क ओठ दाबून शेजारी उभा राहिला आणि देवदत्तने स्वतःच्या हाताने, मुठीत पट्टीने चमचा अडकवून, अर्धी वाटी सांडत का होईना, खीर खाल्ली. घाडीमामा परत आले, मला पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "माका ठाऊक होता." वहीत देवदत्तने त्यांच्याकडून लिहून घेतलं: बदली मदतनीस चमचा उचलताना निकामी. खाटेवर मात्र उत्तम, सूचना पाळतो, कुरकुर कमी. खाली देखरेख करणाऱ्याची सही लागते. ती मीच केली.

घरी आलो, आठवडाभर झोपून काढला. बरं वाटल्यावर एका संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून मी नलिनीला सगळं सविस्तर सांगितलं. ती चकल्यांची भाजणी मळत होती. बोलता बोलता मी जरा वरच्या पट्टीत गेलो. म्हटलं, खरी मदत म्हणजे काय, ते मला आत्ता कळलं. समोरच्याने सांगितल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. शेजारी उभं राहायचं आणि वाट बघायची. याला मन फार मोठं लागतं.

नलिनीने माझ्याकडे पाहिलं. मी खरोखरच हात मागे बांधून उभा होतो.

"असं आहे होय," ती म्हणाली. "मग तुमच्याएवढा मोठ्या मनाचा माणूस नाही. अठ्ठावीस वर्षं झाली लग्नाला, या घरात तुम्ही कशाला म्हणून हात लावला नाहीत. मला वाटायचं, कामाचा कंटाळा."

तिने पिठाचे हात झटकले आणि परात माझ्या बाजूला सरकवली.

"आता सांगतेय," ती म्हणाली. "ही परात उचला आणि बाहेर ठेवा. आणि गुडघ्यातून वाका. इथे पाळणा नाही."